पोलंडच्या खाणावळीतले एकसष्ट डॉलर

अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते भिशीच्या वहीत नावं आणि रेशनच्या कागदावर सही, एवढंच. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी हे मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. भाकऱ्या थापून उजवा अंगठा वाकडा झालाय, त्यामुळे ओळ वर चढत जाते. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तसं वाचणार कोण म्हणा, वही माझ्या पेटीतच राहणार आहे. पण खाणावळीत माझ्या शेजारी मालन बसते. ती रोज विचारते, न्यूझीलंडला काय पाहिलंस, काय खाल्लंस. चार बायका कान देऊन ऐकायला लागल्या की माझी जीभ आत जाते. म्हणून लिहून ठेवते. मालनला वाचता येत नाही, तिला एखाद्या दुपारी एकटीला वाचून दाखवीन.

मी कोल्हापूरच्या जवळची. शहरातल्या एका खाणावळीत बावीस वर्षं भाकऱ्या करते. माझी मुलगी वैशाली नर्स आहे. न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थ नावाचं गाव आहे, तिथल्या दवाखान्यात ती असते. जावई मंदारराव पुण्याचे, कॉम्प्युटरचं काम करतात. त्यांची पहिली मुलगी ईरा पाच वर्षांची. तिच्या वेळेला मला जाता आलं नाही, ते मनात राहिलं होतं. या वेळी मी भिशी उचलली आणि तिकीट माझ्या पैशाने काढलं. वैशाली फोनवर भांडली, पण लेकीच्या बाळंतपणाला लेकीच्याच पैशाने जायचं हे माझ्याने झालं नसतं. निघताना बटव्यात सतराशे रुपये उरले.

विमानाचं सांगत नाही. बसले, झोपले नाही, उतरले. ऑकलंडला उतरल्यावर खाण्याची प्रत्येक वस्तू दाखवावी लागते. वैशालीने पढवून ठेवलं होतं, काही लपवायचं नाही. तिथल्या बाईने डिंकाचे लाडू एकेक करून पाहिले आणि परत दिले. अळीव आणि मेथ्या मात्र काढून घेतल्या. बी आहे, रुजू शकतं, म्हणून. ती रागावली नाही, उलट सॉरी म्हणाली. बाळंतिणीचे अळीव गेले याचं मला दिवसभर वाईट वाटत होतं.

पामर्स्टन नॉर्थ

मंदारराव गाडी घेऊन आले होते. ऑकलंडपासून गाव सहा-सात तासांवर आहे. सगळीकडे हिरव्या टेकड्या आणि त्यावर मेंढ्या. इतक्या वेळात रस्त्याने चालणारं एक माणूस दिसलं नाही. मध्येच झाडं संपली, उजाड माळ लागला आणि एका बाजूला बर्फाचा डोंगर उभा राहिला. मंदाररावांनी गाडी थांबवून माझा फोटो काढला. थंडीने माझे दात वाजत होते. गावाजवळ आलो तर डोंगरावर पवनचक्क्या, साताऱ्याच्या पठारावर आहेत तशाच. ते पाहून जरा ओळखीचं वाटलं.

तिथली घरं बैठी, लाकडाची. शेजारी कोण राहतं ते पंधरा दिवस कळलं नाही, पण रस्त्यात समोर आलेलं माणूस हसल्याशिवाय जात नाही. बाजारात चांगल्या घरची माणसं अनवाणी फिरतात. मला वाटलं देवाला बोलले असतील. वैशाली म्हणाली, नाही, इथे असंच असतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. ईराला घेऊन मी तिथपर्यंत जात असे. ईराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी तिला भाकरी खातेस का विचारलं की ती "नो थँक यू, आजी" म्हणते. इतकं आदबीने नको म्हणणारं मूल मी पाहिलं नव्हतं.

बाळ नीट झालं. मुलगी. दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. मी शेक-शेगडीची चौकशी केली तेव्हा वैशाली हसली, पण अंग चोळून मात्र घेतलं.

विहीणबाई

चौथ्या दिवशी मंदाररावांच्या आई आल्या. त्या पुण्याच्या. ऑकलंडजवळ टाकानिनीला त्यांचा थोरला मुलगा राहतो, त्याच्याकडे आल्या होत्या, तिथून बसने एकट्या आल्या. अडतीस वर्षं बँकेत होत्या. खिडकीत नोटा मोजण्यापासून सुरुवात केली आणि मॅनेजर होऊन निवृत्त झाल्या. मी त्यांना विहीणबाई म्हणते, त्याही मला विहीणबाईच म्हणतात. लग्न मुलांनी ठरवलं होतं. त्यांनी विरोध केला नाही, पण लग्नात आमच्या माणसांशी त्या जे बोलल्या ते सगळं हसत आणि वरून बोलल्या, एवढं मला आठवतं. वाईट नाहीत. त्या बोलतात आणि मी ऐकते.

आठव्या दिवशी मंदाररावांनी आम्हा दोघींना गाडीत घातलं. बाळंतिणीला दुपारी झोप हवी होती, आणि दोन आज्या घरात असल्या की बाळ पाळण्यात राहत नव्हतं. त्यांना ऑफिसचं काम निघालं म्हणून आम्हाला चौकात सोडलं आणि दीड तासाने येतो, काहीतरी खाऊन घ्या म्हणाले. विहीणबाईंनी मला आधीच सांगून टाकलं की भारतीय हॉटेलात जायचं नाही.

"रोज वरणभातच खायचा तर एवढा समुद्र कशाला ओलांडला, नाही का विहीणबाई?"

मी हो म्हणाले. वारा इतका होता की आम्ही भिंतीच्या कडेने चालत होतो. विहीणबाईंनी तीन हॉटेलांच्या दारातले भाव वाचले आणि पुढे निघाल्या. मग एका गल्लीत काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, ते सगळ्यांत स्वस्त निघालं. पोलंडचं हॉटेल.

हॉटेल म्हणजे आमच्या खाणावळीएवढीच जागा. आठ टेबलं, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, भिंतीला रंगवलेल्या ताटल्या. बांधकामावरचे दोघे जण, कॉलेजची मुलं आणि पेपर वाचणारा एक म्हातारा. वाढपी नाही. आपण काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे, काटे-चमचे डब्यातून घ्यायचे, खिडकीतून ताट उचलायचं आणि खाऊन झालं की उष्टं ताट दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायचं. सगळे तसंच करत होते. बांधकामवाल्याने आपलं ताट ठेवलं आणि टेबलावरचे कणही हाताने गोळा करून नेले. दुसऱ्यांची खरकटी काढण्यात माझी निम्मी उमर गेली, मला ते पाहून बरं वाटलं.

काउंटरवर पासष्टीची एक बाई होती. गोल चेहरा, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत पीठ. तिचं नाव हालिना, ते मागाहून कळलं. विहीणबाई शाकाहारी. त्यांनी बटाटा भरलेल्या पिएरोगींचं लहान ताट सांगितलं. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या. मांस नको, अंडं नको, असं तीनदा बजावलं. मग मला विचारलं, तुम्ही काय घेणार, आणि तेवढ्यात टाकानिनीच्या मुलाचा फोन आला. आत नीट ऐकू येईना म्हणून त्या दाराकडे गेल्या आणि तिथून मला हाताने सांगा, सांगा अशी खूण करत राहिल्या.

आता चूक कशी झाली ते लिहिते. आमच्या खाणावळीत ताटाचा भाव एक असतो. एकदा ताट घेतलं की आमटी, भाजी, भात, लोणचं, सगळं त्यातच. वाढणारा विचारत येतो, माणूस मान हलवतो, तो वाढतो. हालिना मला काहीतरी विचारायची आणि मला वाटायचं, ताटात काय काय वाढू असं विचारतेय. शिवाय जी बाई स्वतःच्या हाताने करून वाढते तिला नको म्हणणं मला जमत नाही. मी मान हलवली. तिने मशीनवर बोट दाबलं. तिने परत विचारलं, मी परत मान हलवली. ती खुश झाली. असं सात वेळा झालं.

विहीणबाई आल्या तेव्हा मागे रांग लागली होती. त्यांनी कार्ड काढलं, मशीनवरचा आकडा वाचला आणि चष्मा वर करून परत वाचला. सत्याहत्तर डॉलर. त्यातले सोळा त्यांचे.

"विहीणबाई," त्या मला म्हणाल्या, "आणखी कोण कोण येणार आहे जेवायला?"

मला काही कळेना. त्यांनी हिशोबाचा कागद मला वाचून दाखवला. बिटाचं सार, मोठं ताट पिएरोगी, वर बेकन, बटाट्याची धिरडी, आंबवलेला कोबी, फळांचं सरबत आणि घरी न्यायला गोठवलेल्या दोन डझन पिएरोगी. एकसष्ट डॉलर. मी मनात रुपये करायला गेले आणि तीन हजारांच्या पुढे गेल्यावर थांबले. रांगेतल्या मुलांसमोर नको म्हणायला विहीणबाईंना कमीपणा वाटला असावा. त्यांनी कार्ड टेकवलं. मशीन वाजलं.

जाग्यावर बसल्यावर मी बटवा काढला. त्या म्हणाल्या, राहू द्या हो, पैशाचं काय एवढं, बारशात धरू. बारशात धरू म्हणजे काय ते मला समजलं नाही, पण त्या माझे पैसे घेणार नाहीत हे समजलं.

माझ्याकडे डॉलर नव्हते. पहिल्याच दिवशी मंदाररावांनी चाळीस डॉलर हातात ठेवले होते, ते मी ईराच्या गल्ल्यात टाकले होते. वैशालीकडे मागायचे म्हणजे ते विहीणबाईंच्या मुलाच्या घरातले पैसे. त्यांचेच पैसे त्यांना द्यायचे, ते कसलं देणं? दुसरं कुणी असतं तर मी हसून सोडलं असतं. पण विहिणीच्या पैशाने जेवायचं आणि तेही मापाबाहेर, ही गोष्ट माझ्या मुलीच्या नावावर लागते. मी गेले तरी ती तिथे राहणार आहे.

ताटं येत राहिली. त्या खिडकीकडे मी चार वेळा गेले. बांधकामवाले माझ्याकडे कौतुकाने पाहायला लागले. टाकून द्यायचं तर मला जमणारच नव्हतं, म्हणून मी खायला लागले.

सार लालभडक, आंबट-गोड, वर मलई. आपल्या कोकमाच्या साराला बीट घातलं तर असं होईल. धिरडी कडेला कुरकुरीत आणि आत मऊ, त्यावर आंबट मलई, मला फार आवडली. कोबीचा वास नाकात गेला पण तोंडात चांगला लागला, कच्च्या कैरीच्या लोणच्यासारखा. पिएरोगींवर तपकिरी तुकडे पेरले होते. ते डुकराचं असतं, असं विहीणबाईंनी लांबूनच सांगितलं. आमच्यात मटण चालतं, हे नाही. मी ते बाजूला सारले आणि खालच्या पिएरोगी खाल्ल्या.

आत बटाटा होता आणि बटाट्यात काहीतरी पांढरं, किंचित आंबट. पहिल्या घासाला कळलं नाही. दुसऱ्या घासाला मला माझ्या सासूबाई आठवल्या.

सासूबाईंचं माहेर वळिवडे, कोल्हापूरला लागून आहे. त्या लहान असताना तिथे पोलंडच्या लोकांची मोठी छावणी होती. लढाईत घरदार गेलेली बाया-मुलं तिथे आणून ठेवली होती. सासूबाईंचे वडील त्यांना दूध घालायचे. उन्हात एखाद्या दिवशी दूध नासलं की ते ओतून द्यायला जायचे, आणि छावणीतल्या बायका त्यांचा हात धरायच्या. नासकं दूध निम्म्या भावाने विकत घ्यायच्या आणि फडक्यात बांधून टांगायच्या. गावातली पोरं हसायची. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा मला वाटायचं, म्हातारी रचून सांगते. नासकं दूध पैसे देऊन कोण घेईल?

मी विहीणबाईंना म्हणाले, "हे नासक्या दुधाचं आहे."

त्यांनी काटा खाली ठेवला. ओठ मिटले. मी घाईघाईने सगळं सांगितलं, छावणीचं, सासूबाईंचं, फडक्याचं. एका दमात इतकं मी त्यांच्याशी लग्नापासून बोलले नव्हते. त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. पुण्यात एवढी वर्षं काढून कोल्हापूरला पोलंडचे लोक होते हे आपल्याला ठाऊक नाही, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्या उठल्या आणि काउंटरवर जाऊन हालिनाला सांगून आल्या.

हालिना फडक्याला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. ती इंग्रजीत बोलली आणि विहीणबाईंनी ते मला मराठीत सांगितलं, की हालिनाची आई सात वर्षांची असताना इतर मुलांबरोबर जहाजाने न्यूझीलंडला आली. इथून गाडीने अर्ध्या तासावर पाहियाटुआ म्हणून गाव आहे, तिथे त्या मुलांना ठेवलं होतं. आई-बाप नसलेली बरीच. त्यातल्या काहींचे नातेवाईक तेव्हा हिंदुस्थानात होते आणि त्यांची पत्रं यायची. पत्रावर गावाचं नाव असायचं. हालिनाने ते नाव घेतलं, "कोलापूर." मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "कोलापूर?"

मी मान हलवली. या वेळी कशाला हलवतेय ते मला माहीत होतं.

तिने मला आत नेलं. विहीणबाईही आल्या. ओट्यावर पिठाची मोठी पोळी लाटलेली होती, हालिना ती पेल्याने गोल कापत होती. नुसतं दाबून कडा मिटवत होती. मी न विचारता एक उचलली, सारण भरलं आणि करंजीला घालतो तशी मुरड घातली. हालिनाने ती उजेडात धरून पाहिली. मला आणखी दिल्या. मी डझनभर केल्या. माझं मुरड घालणं विहीणबाई बघत होत्या आणि एकदा तरी त्यांनी चांगलं म्हणावं असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, बेताबेताने भरा, फुटेल. एकही फुटली नाही.

निघताना हालिना म्हणाली, गोठवलेल्या पिएरोगींचे पैसे परत देते, कोलापूरच्या माणसाकडून कसले घ्यायचे. ती गल्ल्यातून चौदा डॉलर काढायला लागली. मला एकदम हलकं वाटलं. एकसष्टातले चौदा गेले तर सत्तेचाळीस. आणि विहीणबाईंनी दोन्ही हात पुढे केले, "नो, नो, नॉट ॲट ऑल." मोठ्या घरच्या बाईला शोभेल असं त्यांनी ते नाकारलं. हालिनाचा हात गल्ल्यात परत गेला. मी बघत राहिले.

बारसं

बाराव्या दिवशी बारसं झालं. पंधरा-वीस मराठी माणसं आली होती, दवाखान्यातल्या नर्सेस, दोन डॉक्टर, मंदाररावांचे मित्र. बाळाचं नाव अन्विता ठेवलं. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. गोठवलेल्या पिएरोगी तुपात परतून ठेवल्या, त्याही संपल्या.

त्या कुठून आणल्या असं कुणीतरी विचारलं आणि विहीणबाईंनी गोष्ट सांगितली. सांगायची हातोटी त्यांच्याकडे आहे. मी काउंटरवर मान कशी हलवत होते ते त्यांनी करून दाखवलं. "मी फोनवर बोलून येईपर्यंत आमच्या विहीणबाईंनी अख्खं पोलंड मागवलेलं," असं त्या म्हणाल्या. सगळे हसले. मंदारराव हसले, वैशालीही हसली. छावणीची गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली, पण तोवर लोक पाळण्याकडे वळले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या, तशा त्या पुरेशा होत्या.

माणसं गेल्यावर मी बटव्यातले सतराशे रुपये विहीणबाईंपुढे ठेवले. म्हणाले, निम्मे तरी घ्या, राहिलेले गावाकडून देते. त्यांनी नोटा परत माझ्या मुठीत कोंबल्या. घरातल्या घरात असले हिशोब ठेवतात का, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या त्यांच्या पर्समध्ये ठेवल्या, त्या संध्याकाळी माझ्या उशीखाली आल्या.

वैशालीने हे पाहिलं. ती बाळाला पाजत होती. म्हणाली, आई, मी देते त्यांना, विषय संपव.

"तू देशील ते त्यांच्याच मुलाच्या घरातले," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं रडते आता. "माझा पगार माझा आहे, आई. मी रात्रपाळ्या केल्यात. तू बावीस वर्षं भाकऱ्या थापल्यास त्या कशासाठी? मी स्वतःचं कमवावं म्हणूनच ना?"

ती बरोबर बोलत होती. मी म्हणाले, तुझा पगार तुझाच, म्हणूनच जेवले मी ते देणार नाहीस तू. ती म्हणाली की मी हीप्स हट्टी आहे. हीप्स म्हणजे तिकडे पुष्कळ. हसले त्याबद्दल सॉरी, असंही म्हणाली, पण ते बाळाकडे बघत.

विहीणबाई आठवड्याने टाकानिनीला परत गेल्या आणि तिथून पुण्याला. मी तीन महिने राहिले. त्या काळात हालिनाकडे आणखी एकदा गेले, मंदारराव सोडायला आले होते. काउंटरवर मी बोटाने सार दाखवलं आणि एक बोट वर केलं. तिने पुढे काही विचारलं तेव्हा म्हणाले, "नो थँक यू." ईरासारखंच म्हटलं. नऊ डॉलर झाले. ते मात्र वैशालीने मला माझ्या वाढदिवसाचे म्हणून दिले होते, आणि मी घेतले होते. माझा वाढदिवस कधी ते मला माहीत नाही, तिने तिथल्या कागदावर एक तारीख लिहिली आहे.

घरी

परत आल्यावर मी कामाला लागले. दोन महिन्यांत तीन हजार दोनशे बाजूला पडले. मालनचा मुलगा म्हणाला, मावशी, फोनवरून पाठवून देतो, एका मिनिटाचं काम. मी नको म्हणाले. फोनवरून गेलेले पैसे फोनवरूनच परत आले असते.

एका सुट्टीला एसटीने पुण्याला गेले. विहिणीकडे मी एकटी कधी गेले नव्हते. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. जिना चढताना दोनदा थांबले, दमले म्हणून नव्हे. त्यांनी दार उघडलं आणि पहिल्यांदा विचारलं ते वैशाली बरी आहे ना. बरी आहे म्हणाले. मग असंच आलात का म्हणाल्या. मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

त्यांना लगेच समजलं. "अहो विहीणबाई, अजून तेच? तुम्ही-आम्ही असले हिशोब करायला लागलो तर लोक हसतील."

मी म्हणाले, "लोक हसले की. बारशाला."

मी घाबरले होते, पण एसटीत सहा तास जे मनात घोकलं होतं ते बाहेर आलं.

"तुम्ही बँकेत होता. कुणाचं खातं असं उघडं ठेवून तुम्ही घरी गेला असतात का?"

त्यांनी पाकीट स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, चुकलं, आता हे वैशालीपर्यंत जाणार. मग त्या उठल्या, चष्मा आणला, फोन आणला, कागद आणला. त्या दिवशीचा बँकेचा मेसेज शोधून काढला, डॉलर कितीला कापला ते पाहिलं. कागदावर एकसष्ट गुणिले मांडलं. ओठ हलवत हिशोब केला आणि शेवटी रेघ मारली. तीन हजार एकशे सव्वीस रुपये पंचवीस पैसे.

पाकिटातल्या नोटा बाहेर काढल्या. सगळी तोंडं एका बाजूला केली, अंगठा ओला केला आणि मोजल्या. एकदा मोजल्या, मग उलट्या बाजूने परत मोजल्या. कुणी माझे पैसे इतके नीट मोजले नव्हते. खाणावळीचा मालक सुद्धा हातात कोंबतो आणि बघ गं म्हणतो.

त्या आत गेल्या आणि सुटे घेऊन आल्या. एक पन्नासची, एक वीसची आणि दोन-दोनची दोन नाणी माझ्यासमोर ठेवली. चौऱ्याहत्तर रुपये.

"पंचवीस पैसे तुमच्याकडे राहतात," त्या म्हणाल्या, "पण ती नाणी बंद झाली. नाहीतर घेतले असते."

मी चौऱ्याहत्तर रुपये मोजून घेतले. त्यांनी हिशोबाच्या कागदावर तारीख घातली, खाली सही केली आणि मला दिला. पैसे पूर्ण फिटले.